मालगाडी जाईपर्यंत

मंगळ. ४ नोव्हें., नांदेड
आज भांडणाचं कारण गिझर. चि. प्रमोदनं चालू ठेवला की सूनबाईंनी, एवढंच. मग तिचं माहेर निघालं, मग याची आई. (ती बिचारी वर गेली, तिला तरी सोडा.) मी नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत नातीला, ईश्वरीला, समोर बसवून नदीची कविता सुरू केली. चालीवर, मोठ्यानं. मुदखेडच्या शाळेत हेच करायचो. खिडकीबाहेर मालगाडी धडधडायला लागली की सगळा वर्ग आवाज चढवायचा. डबे संपेपर्यंत कडवी पुरायची. पोरांच्या माना एका लयीत हलायच्या, कुणी पाटीवर ठेका धरायचं, कुणी बाकावर… काय ते दिवस.
ईश्वरी आता बरोबरीनं म्हणत नाही. बारावीचं वर्ष. ऐकते मात्र.

शुक्र. ७
शेजारच्या सुमनबाई जिन्यात भेटल्या. "सर, तुमची नात गुरुद्वाऱ्याच्या लंगरात भांडी घासून राहिली होती. घरी तर चहाचा कप उचलत न्हाई म्हनं." हसल्या. मीही हसलो. पण संध्याकाळी ईश्वरी अभ्यासिकेत असते. निदान तसं सांगून जाते.

शनि. ८
विचारलं. रागावून नाही. पोरीनं लपवलं नाही. अभ्यासिकेतून उठून गुरुद्वाऱ्यात जाते, ताटं घासत बसते. हात पाण्यात गार पडले की छातीतली धडधड उतरते म्हणाली. तिथं कुणी नाव विचारत नाही, मार्क विचारत नाही. "आबा, तिथं इतकी भांडी आदळतात, पण कुणी कुणावर चिडलेलं नसतंय."
म्हटलं, घरी मी आहे की. आपण कविता म्हणतो.
 मग म्हणाली, "तुमी कविता म्हणायला लागले की मला उठून पळावं वाटतं. तिकडं भांडण नसलं तरी."
मागच्या आठवड्यात गच्चीवर उन्हात बसून मी सहज गुणगुणत होतो, तर ही पुस्तक मिटून, चपला घालून निघून गेली होती. मला वाटलं, कंटाळली.


रवि. ९
दिवसभर गप्प. प्रमोदनं विचारलं, अण्णा, घसा बसला का. हो म्हटलं.
गाडी निघून जाते. तिला वर्गातल्या कुणाशी घेणं नसतं; घरातलं भांडण घरातच राहतं. आणि आवाज चढवून मी वाचवत कुणाला होतो? पोराला "बस कर" म्हणायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. पोरीच्या नावाखाली स्वतःचे कान झाकत होतो. लाज वाटते.

मंगळ. ११
ईश्वरीनं आपणहून आणखी सांगितलं. कॉलेजात समुपदेशनाच्या मॅडम येतात, त्यांना ती भेटून आली आहे. घरी माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, आवाज चढले की खोलीत कोंडून घेऊ नको, मोकळ्यावर जा, ज्याच्याशी बोलता येतं त्याला फोन कर. आणि हे तुझ्यामुळं होत नाही, हे स्वतःला सांगत जा. (हे तिला कुणीतरी परक्यानं सांगावं लागलं.)
फोन ती लातूरच्या मावशीला करते. मॅडमनी घरचं मोठं माणूस भेटायला आणायला सांगितलं, तर नाव मावशीचंच दिलं. परीक्षेपर्यंत लातूरला मावशीकडं राहायचं म्हणते.
मावशी लातूरला. मी त्याच खोलीत, पलीकडच्या पलंगावर.

गुरु. १३
सकाळी पुन्हा. कारण डबा. ओठावर कविता आली, ती गिळली. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. 
"पोरगी ऐकून राहिली, प्रमोद. रोज ऐकते."
"अण्णा, तुमी मधात पडू नका."
"पडतो."
एवढा एकच शब्द. जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस. सूनबाईंनी गॅस बंद केला, भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. प्रमोद डबा न घेताच ऑफिसला गेला. आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. मिटलं वगैरे काही नाही.
ईश्वरी दप्तर घेऊन दारात उभी होती. तिनं पाहिलं. 

रवि. १६
उद्या मॅडमची भेट. मावशी सकाळच्या बसनं निघते आहे. दुपारी ईश्वरीला विचारलं, मी येऊ का.
विचार करून म्हणाली, "या. पण मी सांगेन ते ऐकायचं. आमच्या घरी तसं काही न्हाई हो, चांगलंय सगळं, असं म्हणायचं न्हाई."
म्हटलं, नाही म्हणणार.
"आन् लातूरला जाऊ नको असंबी न्हाई."
याला हो म्हणता आलं नाही. ती थांबली होती. मग कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.
अजून उत्तर दिलेलं नाही. सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आहे.