पुढे माथेरान, मागे जळगाव

श्रीवर्धन,
वैशाख वद्य पंचमी

चिरंजीव दत्तात्रेय यास रामचंद्रदादाचे अनेक आशीर्वाद. (टपालाच्या थैलीत उकाड्याने निम्मे वाळून जातील, म्हणून जास्तच घातले आहेत.) तुझी प्रकृती उत्तम असणारच, दादरला तीन खोल्यांत तीन विजेचे पंखे असल्यावर ती बिघडेल कशाला? आमच्या आळीत विजेचे खांब आले आहेत, वीज यायची आहे. तूर्त खांबांना शेळ्या बांधतात.

तुझे वडील, म्हणजे आमचे काका, 'आठ दिवस समुद्राची हवा खातो' म्हणून माघात आले. हवा अजून संपलेली नाही. माघापासून त्यांना पहाटे गुडघ्यांपाशी शेगडी लागते, चैत्रापासून संध्याकाळी वाराही लागू लागला. आणि आमच्या दोन खोल्यांत दोन्हींची कायमची सोय कशी करावी, या प्रश्नाने त्यांना पेन्शनीनंतर पहिल्यांदाच हुद्दा मिळाला. सारी नोकरी जळगावला झालेली. त्यांनी निकाल दिला, "रामा, वाळ्याचे पडदे लाव आणि वर पाणी मार. जळगावात आम्ही भर दुपारी पांघरूण घ्यायचो!" मी लावले. आता जळगावचा वारा कोरडा ठणठणीत; इथला समुद्रात आंघोळ करून, अंग न पुसता घरात शिरतो. ओल्यावर ओलं! तासाभरात घराचं मोदकपात्र झालं. काका मधोमध बसून "येईल, गारवा येईल," म्हणत उकडत होते. शेवटी गोदूने (तुझ्या वहिनीने) पडदे ओढून काढले आणि म्हणाली, "आता आपल्यात नुसतं खोबरं-गूळ भरायचं राहिलंय."

मग काकांनी बंदरावरचे खलीलशेठ गाठले. हे गृहस्थ बोटींवरून उतरलेलं जुनंपानं सामान विकतात. त्यांनी एक रॉकेलवर चालणारा पंखा दाखवला. "वीज नको, गडी नको. खाली वात पेटवायची, वर पाती फिरतात. बसऱ्याचा साहेब याच्यासमोर झोपायचा." मी विचारलं, उठला का? तर म्हणाले, "मास्तर, शाळेत पन तुमी असाच बोलता काय?"

पंखा फिरतो, खोटं कशाला बोलू? फक्त पुढून वारा येतो आणि मागून आच. काकांना तर ब्रह्मानंद झाला. "बघ रामा, पुढे माथेरान, मागे जळगाव, आणि रॉकेल एकच!" संध्याकाळी ते माथेरानात बसतात, पहाटे गुडघे घेऊन जळगावात जातात. वारा जेमतेम दीड माणसाच्या रुंदीचा, त्यामुळे जेवणं झाली की आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून बसतो (लग्नाच्या फोटोतही गोदू माझ्या इतकी जवळ बसलेली नाही) आणि रॉकेलचा वास गिळत काकांच्या नोकरीतल्या गोष्टी ऐकतो. गोदू मागच्या आचेवर दूध ठेवते. ते उतू गेलं की पंखा शिंकतो. परवा तिने साफ सांगितलं, "या घरात एक तर काका राहतील नाहीतर मी. पंख्याचं तुम्ही ठरवा." म्हणून हे पत्र. रविवारी ये आणि काकांना पंख्यासकट घेऊन जा. वडिलांची सेवा मुलाने करावी असं शास्त्र आहे. पुतण्याने किती करावी यालाही कुठेतरी मर्यादा घातलेली असेलच.

तुझा,
रामचंद्रदादा

ता. क. – पाकीट चिकटवणार तोच वात जळून संपली आणि पंखा थांबला. आज जेवणानंतर कोणीच ओळीत बसलं नाही; जो तो आपापल्या कोपऱ्यात घाम पुसत राहिला. काका म्हणाले, "चला, समुद्राची हवा झाली," आणि ट्रंक भरू लागले. गोदूने ती ट्रंक तशीच उचलून माळ्यावर टाकली आणि माझ्यावर डाफरली, "बघत काय बसलात? दत्तूभावजींकडून वात मागवा!"

ता. क. दुसरा – तेव्हा काकांना न्यायला येऊ नकोस. चार बोटं रुंदीची वात हवी, ती इथे मिळत नाही. मात्र टपालाने धाडू नकोस, स्वतः घेऊन ये, असं काकांनी लिहायला लावलं आहे. का, म्हणून विचारलं, तर बराच वेळ पंख्याची पाती पुसत राहिले आणि मग म्हणाले, "टपालात चुरगळते."