शेजारच्या सीटवरून दोन मोटारी

प्रिय सारथी यास,

सप्रेम नमस्कार. तो पोचावा, आणि पोचल्याचं उत्तर चार ओळींहून मोठं यावं.

तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायचा प्रघात आहे म्हणून विचारतो. उत्तर मला पाठ आहे. गेल्या दोन वर्षांत तुझी सात पत्रं आली आणि सातांतही मजकूर एकच, 'बरा आहे, काळजी नसावी.' (सातव्यात 'काळजी नसावी' एवढं गाळलंस, तेव्हापासून मला काळजी लागली.) खरी हकीकत तुझ्या लेकीकडून कळते. ती लिहिते, 'काका, आई गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेलेच नाहीत. गाडीसुद्धा विकून टाकली. आणून दिलेलं वाचतात, वाढलेलं जेवतात. तुम्ही काहीतरी करा ना.' आता शब्दकोशाच्या कचेरीत तीस वर्षं चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसानं काय करावं, हे काही तिनं लिहिलेलं नाही. असो. या गोष्टीचा मी पुढे सांगणार आहे त्या मोटारींशी काडीचाही संबंध नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

आमच्याकडे सर्व क्षेम आहे. हिला चष्म्याचा नंबर वाढवून मिळाला, त्यामुळे माझे दोष पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात. माझे दात आणि गुडघे अजून जागेवर आहेत.

तर मुद्द्याची गोष्ट अशी की मी मोटार घेतोय. बसला असशील तर बसूनच राहा. (तू बसलेलाच असणार म्हणा.) आमच्या कचेरीच्या मागे लाकडाची वखार होती, तिथे आता एक गृहस्थ जुन्या मोटारी विकतात. मान नसलेला, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घालणारा, बोलताना मोटारीच्या टपावर प्रेमानं थापट्या मारणारा असा हा माणूस. त्याच्याकडे एकाच आठवड्यात दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, शेजारीशेजारी. एक अमेरिकन, फिकट आकाशी, ओसरीसारखी ऐसपैस. दुसरी जर्मन, काळी, गंभीर, नुकतीच कुणाच्या तरी चुका काढून आल्यासारखी. मी जेवणाच्या सुट्टीत पानाची पिचकारी टाळत त्या बाजूनं चाललो होतो आणि तिथेच थबकलो. तुला सांगायला नको, मला काय आठवलं ते. बर्फाच्या कारखान्यामागचा तो मोटारीचा सांगाडा. चाकं नाहीत, काचा नाहीत, नावाची पट्टी कुणीतरी उपटून नेलेली. तू म्हणायचास जर्मन, मी म्हणायचो अमेरिकन. वय वर्षं बारा, पुरावा शून्य, आवाज दोघांचाही मोठा. तू पुढे कारखान्यात फोरमन झालास आणि नट-बोल्टांच्या मापांवरून ती जर्मनच होती असं शास्त्रोक्त सांगू लागलास, म्हणून काही मी हरलो नाही. पंचेचाळीस वर्षं हा वाद अनिर्णित आहे, आणि माझ्या मते आपली मैत्री टिकली ती निकाल न लागल्यामुळेच.

या वेळी मात्र मी पद्धतशीर जायचं ठरवलं. कचेरीतल्या कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि दर मुद्द्याला एक चिठ्ठी केली. आधी पूर्वपक्ष, म्हणजे अमेरिकन. पुढची सीट एकसंध, कोचासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे मध्ये अडथळा नाही, तीन माणसं गप्पा मारत बसावीत. दार इतकं रुंद उघडतं की आत शिरताना कमरेला कळतसुद्धा नाही. समोरचा खण एवढा खोल की आमच्या कोशाचा एक अख्खा खंड आत मावतो (नेऊन ठेवून पाहिला, मावतो, काढताना मात्र दोघं लागले). दोष म्हणजे ती चालताना झुलते. होडीत बसल्यासारखं वाटतं आणि मांडीवरचा नकाशा असा हेलकावतो की एक गाव बोटाखाली धरून ठेवावं तर ते पुढच्या वळणापर्यंत नदीत गेलेलं असतं. शिवाय पेट्रोल पिते. ती किती पिते हे विचारल्यावर मोटारवाल्यानं टपावर एक थाप मारली आणि हवापाण्याविषयी बोलू लागला.

मग उत्तरपक्ष. जर्मन सीट दोन्ही बाजूंनी माणसाला अशी धरते की पाठीला आपोआप शिस्त लागते. दार लावलं की 'थप्' असा दबका आवाज होतो आणि बाहेरचं जग जणू दुसऱ्या खोलीत जातं. खड्डा आला हे डोळ्यांना दिसतं, शरीराला कळवलं जात नाही. आणि सगळ्यांत कहर म्हणजे चालकाच्या शेजारी बसणाऱ्यासाठी डोक्यावर एक चिमुकला दिवा, त्याला वेगळं बटण, आणि उजेड पडतो तो फक्त त्याच्या मांडीवर! ज्या कुणी हा दिवा योजला त्याच्या घरात एक तरी नकाशा वाचणारा असणार. या दिव्यावर मी स्वतंत्र तीन चिठ्ठ्या केल्या. दोष एकच. 'साहेब, ही कधी बंद पडणारच नाही,' मोटारवाला म्हणाला, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे जरा थांबून पुढे म्हणाला, 'पडली तर मग पडलीच.'

प्रत्यक्षप्रमाण हवं म्हणून दोन्ही गाड्यांतून चक्कर मारून झाली. पहिल्याच फेरीला त्यानं किल्ली माझ्यापुढे धरली. 'घ्या, चालवून बघा.' मी म्हटलं, मला इकडूनच नीट दिसतंय, तुम्ही चालवा. तो चमकला. चारदा शेजारच्या सीटवर बसलो, खण उघडला, मिटला, काच वरखाली केली, नकाशा पसरला, तेव्हा त्याला राहवलं नाही. 'अहो साहेब, जोडा कधी हातात घालून बघतात काय? इकडे स्टिअरिंगवर बसा की!' त्याला काय सांगणार? सांगाड्यात बसून आपण ठरवलं होतं, तू चालवायचं आणि मी वाट सांगायची. मी तो करार इतका इमानानं पाळला की आयुष्यात गाडी चालवायला शिकलो नाही. (गेली दोन वर्षं पाळला नाही तो दुसऱ्या पक्षानं. पण ते असो.)

दुसरी चक्कर अमेरिकन गाडीतून होती. गावाबाहेरच्या चौकात मी मोटारवाल्याला छातीठोकपणे सांगितलं, उजवीकडे घ्या. त्यानं घेतलं आणि आम्ही थेट एका सिमेंटच्या गोदामाच्या अंगणात. तुला आठवत असेल, अशाच गोदामात मी तुला आणि वहिनींना एकदा नेऊन घातलं होतं आणि तिथल्या पहारेकऱ्यानं आपल्याला पत्र्याच्या पेल्यांतून चहा पाजला होता. सवयीनं मी मान खाली घातली आणि मागून 'अहो, विचारा ना कुणाला तरी!' येण्याची वाट पाहिली. पंधरा वर्षं तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवरून प्रत्येक चुकलेल्या वळणावर वहिनींनी हेच म्हटलं होतं, आणि म्हणून झालं की त्या हसत सुटायच्या. काहीच ऐकू आलं नाही तेव्हा मी मागे वळून पाहिलं. फार मोठी आहे रे त्या गाडीची मागची सीट. मोटारवाला म्हणाला, 'मागं बसून बघायचंय का?' मी म्हटलं, नको, तिथली माहिती आहे मला.

असो. एकूण एक्केचाळीस चिठ्ठ्या झाल्या. अकारविल्हे लावल्या, गुण मांडले, शंका-समाधान केलं, आणि सिद्धांत असा निघाला की जर्मनच श्रेष्ठ. लेखी कबूल करतो, खाली सही करतोच आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं. कदाचित सांगाड्याच्या बाबतीतही होतं. हे वाचून तुझ्या चेहऱ्यावर काय दिसेल ते पाहायला मी निदान चार गावं ओलांडून आलो असतो, पण न्यायचं कुणी?

ही खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, 'बाकी दिवेबिवे राहू द्या, चालवणार कोण ते लिहा.' नव्या चष्म्याचा हा दुसरा तोटा.

लेकीला आशीर्वाद. तुला काय द्यावं कळत नाही, म्हणून नकाशाची नवी प्रत घेऊन ठेवली आहे.

तुझा,
वाट दाखवणारा (आणि बहुधा चुकवणारा)

ता. क. वरचं पत्र लिहून ठेवलं आणि तीन दिवस टाकलं नाही. विचार केला, जर्मन घेतली तर काय होईल? तू वाचशील, 'वाटलंच होतं' म्हणशील, 'अभिनंदन, बरा आहे' असं आठवं पत्र धाडशील आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसशील. म्हणून अमेरिकन घेतली. कबुलीजबाब सगळा मागे. एक्केचाळीस चिठ्ठ्यांचा निकाल धुडकावून मी ही झुलणारी, पिणारी, वाट्टेल तशी पसरलेली गाडी घरी आणली आहे आणि माझं ठाम मत आहे की जगात याहून चांगली मोटार झालेली नाही. हे तुला सहन होणार नाही, याची मला खात्री आहे. पत्रातून वाद घालू नकोस, उत्तर देणार नाही.

ता. ता. क. मोटारवाला मंगळवारी गाडी सोडून गेला. ती आमच्या फाटकातून आत येत नाही, म्हणजे अर्धी येते. नाक अंगणात, शेपूट रस्त्यावर. शेजारच्या दंतवैद्याची गाडी त्यामुळे आत अडकली आहे. तो दोनदा चिडून आला आणि काल तिसऱ्यांदा फार नम्रपणे आला, ते मला जास्त लागलं. मला आणि हिला ती चालवता येत नाही, आणि दंतवैद्याला तो स्टिअरिंगवरचा गिअर जमत नाही. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी तिच्यात जाऊन बसतो, माझ्या बाजूला. नकाशा उघडतो. समुद्रापर्यंतची वाट काढून झाली आहे. या वेळी ती बरोबर आहे, दोनदा तपासली. शेजारी कुणी नाही, एवढंच.

लेकीकडे रविवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट पाठवलं आहे, तुझ्या नावाचं, एकाच बाजूचं. दंतवैद्याला मी सांगून टाकलंय, माणूस निघालाय.