उंदराची भवानी

१२ मार्च, संध्याकाळ.
उपासाचा महिना लागला, आणि माझं चित्रांचं पुस्तकही छापून आलं. ‘उंदराचं केळ्यांचं दुकान’. आमच्या सोलो शहरातल्या मुलांना अर्थशास्त्र कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. बँकेतून रिटायर झालेला मी मोकळाच होतो. पहिली प्रत सुराबाया शहरात राहणाऱ्या माझ्या नातीला, गेंदिसला. ईदला ती आठवडाभर माझ्याकडे राहील, रोज एक पान घेऊ. लेकीला हे अजून सांगायचंय.

१५ मार्च.
ओटीवर वाचन. आळीतली सगळी मुलं हजर. विषयाची एवढी ओढ! मशिदीचा नगारा वाजला आणि वाक्य अर्ध्यावर टाकून सगळी पसार. शेजारच्या लास्त्रीबाई तळलेली केळी विकतात. भिंतीवरून म्हणाल्या, अहो बँकवाले, उपास सुटेपर्यंत वेळ काढायला येतात पोरं, तुमच्या ओटीवर वारा बरा लागतो. बाईंना मार्केटिंग कळत नाही.

१९ मार्च.
मुख्य धडा. पहिलं गिऱ्हाईक मुंगी. अर्ध्या किमतीत केळं मागते. उंदीर बाणेदारपणे नाही म्हणतो. बोध: भाव पाडायचा नाही. लास्त्रीबाईंची नात सेकार म्हणाली, आजोबा, तुमचा उंदीर येडाय. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवलं तर दिवसभर कुणी फिरकत नाही. आमची आजी पहिल्याला म्हणेल त्या भावात देते, आणि त्याच नोटेनं सगळी केळी थोपटते, खपा रे खपा म्हणत. मी म्हटलं, ही अंधश्रद्धा. तिनं विचारलं, मग तुमची पुस्तकं किती खपली? मुलगी आगाऊ आहे.

२८ मार्च.
लेकीचा, विदुरीचा फोन. ईदच्या दुसऱ्या दिवशी योग्या शहरात सासरी जाताना वाटेत दोन तास डोकावून जातो म्हणाली. मागितला आठवडा, देतेय दोन तास. उंदरासारखंच सुनावलं: आठवडा, नाहीतर येऊच नका. ती म्हणाली, बरं बाबा. म्हणजे घासाघीस सुरू झाली. उद्या तीन दिवसांवर येईल.

३० मार्च.
फोन नाही. मीही करणार नाही. टंचाईनं मागणी वाढते.

४ एप्रिल.
टंचाई चालू. फोन बिघडलाय की काय म्हणून लास्त्रीबाईंना मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजतो.

११ एप्रिल, ईदचा दुसरा दिवस.
अननसाच्या बिस्किटांच्या बरण्या टेबलावर, झाकणं काढून. गेंदिसच्या खोलीत नवी चादर. सकाळी मुलं ईदीच्या कोऱ्या नोटा न्यायला आली. बसा, शेवटचं पान राहिलंय, म्हटलं. सेकार म्हणाली, आजोबा, आता उपास संपले ना.
दुपारपर्यंत गाडीचा आवाज आला की दारात जात होतो. समोरच्यांकडे पाहुणे फार.

रात्री.
शेवटी मीच फोन केला. म्हटलं, दोन तास चालतील. विदुरी म्हणाली, बाबा, आम्ही सकाळीच योग्याला पोचलो. सोलोचा फाटा आला तेव्हा गेंदिसनं विचारलं होतं, आजोबांकडे वळायचं ना? मी काय सांगणार? तुम्हीच नको म्हणालात. परतीचं विचारलं. परत उत्तरेच्या रस्त्यानं जाणार आहेत, त्या वाटेवर सोलो लागत नाही.

१३ एप्रिल.
दुसऱ्या आवृत्तीसाठी शेवटचं पान बदलतोय. उंदीर दुकान उघडं टाकून मुंगीच्या मागे धावतोय, अर्ध्यात घे, फुकट घे, म्हणत. उंदीर बरा जमला. मुंगी इतकी लांब गेलीय की कागदावर काढताच येईना.