जाळी विरघळताना

आई,

आज एका बाईवर मी खेकसले, आणि तेव्हापासून तूच डोळ्यांपुढं आहेस. बाई ढोकीकडची, ऊसतोडीला जाणारी, माझ्याच वयाची. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून तिला हर्निया झाला होता, तुला होता तसाच. वर्षापूर्वी तो शिवून वर जाळी बसवली, हळूहळू विरघळणारी. दर काही महिन्यांनी ती माझ्याकडं सोनोग्राफीला येते. जाळी विरत जाते तसं तिचं स्वतःचं मांस तिथं धरतंय का, एवढंच मी बघायचं. पहिल्यांदा पडद्यावर जाळीची पांढरी रेघ ठळक दिसायची. आज ती शोधावी लागली.

हे तिला सांगितलं तर बाई ताडकन उठून बसली. "गेली? म्हंजी डॉक्टरनं डुप्लिकेट घातली व्हय?" मला हसूच आलं. म्हटलं, अहो, स्लॅब टाकताना खाली फळ्या लावतात ना, सिमेंट धरलं की काढतात, तशी ही जाळी. तिला ते लगेच पटलं. "मंग धरलं का सिमेंट? तेवढं लिहून द्या. परवा गाडी निघतीय. मी न्हाय गेले तर ह्यांना एकट्याला कोण घेतंय?" तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाला टोळीत जागा नाही. त्यांचा सगळा हंगाम माझ्या एका कागदावर येऊन ठेपला होता.

आडवं झोपवून खोकायला लावलं. काही दिसेना. आता सगळं ठीक असं लिहिणार, तेवढ्यात तिच्या परकराच्या नाडीकडं लक्ष गेलं. खाली चिंधीची घडी आणि वरून नाडी करकचून आवळलेली. "सोडा म्हटलं होतं ना मी?" "सैल केली की!" कसली सैल, कातडीत रुतली होती. आपल्याकडच्या बायका नाडी सोडत नाहीत, बाईमाणसासमोरसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्यापासून काय लपवताय? पोट कुणाचं, तुमचं का माझं?" बिचारीनं पाठ फिरवून गाठ सोडली. मग उभं करून खोकायला लावलं, आणि खालच्या काठाशी बोटभर फट उघडली, मिटली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "दिसलं व्हय? मोळी उचलली की हितं कायतरी येतंय. बांदलं की जातंय."

बांधलं की जातं. तूही हेच म्हणायचीस. मुरुम गावच्या त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू चुलीपुढं उभी आहेस, डाळीचं पातेलं उतरवायच्या आधी लुगड्याची गाठ माझ्या हातात देतेस. मी तिथंच राहून शिकणारी, नववीतली. तू श्वास आत घेतेस आणि म्हणतेस, "ओढ गं, हातात जीव न्हाय का तुज्या?" मी पाय रोवून ओढते. तू हुश्श करतेस, आणि दोन्ही हातांनी पातेलं उचलतेस. मला खुणेनं बजावतेस, कुणाला सांगायचं नाही. स्वयंपाकिणीला दुखणं आहे म्हटल्यावर दुसरी बाई ठेवतील ही तुला धास्ती. आणि मग तो दिवस, तू सकाळपासून ओकतेस, पोट दगडासारखं. उमरग्याला नेईपर्यंत आतडं अडकून काळं पडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी मान खाली घालून उभी होते.

त्या बाईला मी फिटचा कागद दिला नाही. दिसलं ते लिहिलं आणि सर्जनना फोन लावला. ती रडली, मग भडकली. "तुमाला काय हो, पंख्याखाली बसून लिवायला!" खरंच आहे तिचं. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "न्हाय जात आमी औंदा. म्या बघतो हितंच कायतरी." मग म्हणाला, "मॅडम, बांदून घेती हे मला ठावं होतं. म्याच गप बसलो." त्यानं किती सहज सांगून टाकलं! मला आजवर जमलेलं नाही, आणि हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच आज हात चालतोय.

तुला वाटायचं, तुझं दुखणं थांबावं म्हणून लेक एवढा जोर लावते. दोनदा तू माझी दृष्टसुद्धा काढलीस त्यावरून. आई, वर्गातल्या पोरी मला विचारायच्या, "तुज्या आईला दिवस गेलेत का गं?" मला तुझी लाज वाटायची. तुझं पोट दिसू नये म्हणून मी ती गाठ ओढायचे.