दोन ट्रक समोरासमोर

आप्पा,

परवा बायपासवर दीड तास अडकलो. होय, बायपासवरच. ज्या रस्त्यासाठी आपल्या गावानं निवेदनं देऊन देऊन टाइपरायटर झिजवला, तो आता गावापेक्षा जास्त तुंबतो. त्याच्या तोंडाशी धाबे झालेत, टायरची दुकानं झालीत, एक मंगल कार्यालयही झालंय, आणि परवा त्या कार्यालयाची वरात भर रस्त्यात नाचत होती. पुढं ऊस, मागं ऊस, मध्ये मी. काच खाली करून बसलो आणि बराच वेळ कशाची तरी वाट बघत राहिलो. कशाची, ते उशिरा लक्षात आलं. किटली घेऊन कुणीच आलं नाही.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्हाला एक विचारायचंय आणि तुम्ही होता तेव्हा ते धाडस झालं नाही. उत्तर येणार नाही हे आता पक्कं असल्यामुळं धाडस आलंय. माझं सगळं धाडस याच जातीचं, हे तुम्ही ओळखून होता.

आपलं हॉटेल जुन्या पुलाच्या तोंडाशी. पूल संस्थानी काळातला, बैलगाडीच्या मापाचा, आणि त्यावरून कोल्हापूर ते कर्नाटक सगळी वाहतूक. एका वेळी एकच ट्रक मावायचा. समोरून दुसरा आला की कुणीतरी मागं घ्यायला हवं, आणि आपल्या मुलखात गाडी मागं घेणं म्हणजे मिशी उतरवून देणं. दोन्ही ड्रायव्हर इंजिन बंद करायचे, चावी खिशात टाकायचे आणि कठड्यावर बसून तंबाखू मळायचे. एक कानडी असला तर भांडण दोन भाषांत, म्हणजे दुप्पट वेळ. मग मागं उसाचे ट्रॅक्टर, एसटी, वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या, थेट बाजारपेठेपर्यंत रांग. तुम्ही मोठी किटली उचलायचात, मला धाकटी द्यायचात आणि आपण दोघं गाड्यांच्या मधनं चहा पाजत जायचो. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलेला. एकदा कोल्हापूरच्या पेपरात माझ्या नावानं लेख आला. तो तुम्ही उभ्यानं वाचलात, त्यावर मिसळीची प्लेट ठेवलीत आणि म्हणालात, "लिवून पोट भरतंय व्हय?" रस्सा अक्षरांत मुरला. पुढं पंधरा दिवस मी तुमच्याशी बोललो नाही आणि तुमच्या ते ध्यानातही आलं नसावं.

त्यानंतर तालुक्याच्या साप्ताहिकात एक सदर सुरू झालं, टोपणनावानं. गावाची, पुढाऱ्यांची, रस्त्याची टिंगल. एका आठवड्यात त्यात असं छापून आलं, की आमच्या पुलापाशी एक हॉटेलवाला आहे. तो रोज सकाळी देवापुढं हात जोडून म्हणतो, देवा, आज दोन ट्रक समोरासमोर येऊ देत आणि दोन्ही ड्रायव्हर कोल्हापूरचे असू देत. ते तुम्ही गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलंत. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग पेपरची बारीक घडी घातलीत आणि म्हणालात, "लिवणाऱ्याला कवातरी च्या पाजला पायजे." मी तेव्हा कांदा चिरत होतो. डोळ्यातलं पाणी कांद्याच्या नावावर खपलं.

त्याच हंगामात बायपासच्या पाहणीसाठी सरकारी माणसं येणार असं कळलं. तीन दिवस पुलाशी बसून वाहनं मोजणार, किती वेळ थांबतात ते टिपणार, आणि त्यावर नवा पूल, नवा रस्ता व्हायचा की नाही ते ठरणार. आता शहाण्या गावानं काय करावं? गप्प बसावं. रोजचा तमाशा रोजच्यासारखा होऊ द्यावा. पण पावणं येणार म्हटल्यावर आपलं गाव गप्प बसतंय? मुलगी बघायला यावेत तसा थाट. हातगाड्या हलवल्या. बाजार शाळेच्या मैदानात नेला. कारखान्याला सांगून उसाच्या गाड्या तीन दिवस दुसऱ्या वाटेनं वळवल्या. कठड्याला चुना मारला, आणि तालमीतली पोरं पुलाच्या दोन्ही टोकांना लाल-हिरवी निशाणं घेऊन उभी केली. इतकी शिस्त आपल्या गावानं त्याआधी पाळली नव्हती आणि नंतरही कधी पाळली नाही. मोजणीची माणसं आपल्याच हॉटेलासमोर खुर्च्या टाकून बसली. दुपारपर्यंत त्यांना डुलक्या लागायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा तरुण इंजिनिअर नगराध्यक्षांना म्हणाला, तुमच्याकडची वाहतूक फार सुरळीत आहे हो, इथं बायपासची गरज दिसत नाही. नगराध्यक्ष फुलून आले. साहेबांच्या गळ्यात हार घातला, फोटो निघाला. आपण काय ऐकलं हे त्यांच्या ध्यानात यायला संध्याकाळ उजाडली.

पण ती संध्याकाळ व्हायच्या आधीच तुम्ही चहा घेऊन गेला होता. मी मागं ट्रे धरून उभा होतो म्हणून ऐकलं, नाहीतर हे मला गावानंच सांगितलं असतं, तिखटमीठ लावून. कप हातात देता देता तुम्ही त्या इंजिनिअरला म्हणालात, "साहेब, ह्ये आमचं गाव न्हवं. ह्यो देखावा हाय. बाजाराच्या दिवशी या, न सांगता."

तो आला. बाजाराच्या दिवशी, न सांगता, स्वतःच्या जीपमधून. साडेतीन तास पुलावर अडकला. त्याला चहा द्यायला तुम्ही स्वतः गेलात, पैसे घेतले नाहीत. त्याचा अहवाल गेला, आणि सरकारी चालीनं का होईना, काम मार्गी लागलं. मधली वर्षं नुसते खांब उभे होते. गावची पोरं त्यांच्या सावलीत पत्ते कुटायची. शतक बदलल्यावर नवा पूल झाला. आणि पूल सुरू झाल्यावर आठ दिवसांत आपल्या हॉटेलातलं दूध नासायला लागलं, कारण प्यायला कुणी नव्हतं. वर्षाच्या आत तुम्ही शटर ओढलंत. त्यानंतर दीड वर्षात तुम्हीही गेलात.

आता प्रश्न. तुम्ही असं का सांगितलंत?

अव्वाला विचारलं होतं, बायकोला तरी तुम्ही सांगितलं असेल म्हणून. ती म्हणाली, त्या बाईपायी. आदल्या महिन्यात वडापच्या जीपमध्ये एक अवघडलेली बाई पुलावर अडकली होती. तुम्ही किटलीतला चहा ओतून देऊन गरम पाणी नेलंत, दोन्ही ट्रकवाल्यांच्या पाया पडलात. कोल्हापूरच्या दवाखान्यात ती पोचली, मूल वाचलं नाही. हे खरं असेल. पण तुम्ही घरी ते कधी बोलला नाहीत. म्हणजे अव्वाचाही तर्कच. तुम्हाला थेट विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पावण्याला शिळं वाढायचं नस्तंय." झालं. एका गिऱ्हाइकाला सांगावं तसं मला सांगितलंत आणि फडका मारायला लागलात. आणि मला वाटत राहिलं, की दोन्ही नाही; तो देवाला हात जोडणारा हॉटेलवाला तुम्हाला लागला. आपण गावाच्या कोंडीवर जगतो असं कुणीतरी छापलं, म्हणून तुम्ही स्वतःच्या पोटावर रस्ता घालून दाखवलात. असं असेल तर आपलं हॉटेल सरकारनं बंद पाडलं नाही. ते सदर लिहिणाऱ्यानं पाडलं.

तुम्ही गेल्यावर गल्ल्याचं खालचं फळकूट काढलं. त्याखाली त्या सदराची कात्रणं होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न चुकवता. माझ्या नावानं छापलेला मात्र एकसुद्धा लेख नव्हता. मी ती कात्रणं मांडीवर घेऊन बसलो आणि मला काही म्हणजे काही कळेना. तुम्हाला ठाऊक होतं म्हणून ठेवलीत? की ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या मते तो कोण टोपणनाववाला तुमच्या पोरापेक्षा बरा लिहायचा? लोक म्हणतात मी दुसऱ्याच्या मनातलं नेमकं पकडतो. त्यावर माझं पोट भरतं, भरतंय, तुमच्या माहितीसाठी. पण एका माणसाच्या मनातलं इतक्या वर्षांत पकडता आलेलं नाही.

नवा पूल सुरू झाला त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, गाडी काढ. मी एम-एटी काढली. मागं तुम्ही, मांडीत किटली. मंत्र्यांच्या गाड्या निघून गेल्यावर आपण पुलाच्या मधोमध थांबलो. गाड्या सुसाट जात होत्या. तुम्ही किटली कठड्याशी ठेवून बराच वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, "थांबंना की रं कोणच." राग नव्हता त्यात. नवल होतं की दुःख, तेही मला कळलं नाही. मग तो चहा आपणच प्यालो, गार. मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात तुम्ही ग्लास विसळून पाणी नदीत टाकलंत आणि गाडीवर बसलात.

तर सांगून टाकतो, ते सदर मी लिहीत होतो. हे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल. पण दुसरी गोष्ट नक्की ठाऊक नसणार, कारण ती मी छापली नाही. तुम्ही देवापुढं हात जोडायचात तेव्हा नुसते डोळे मिटून उभे राहायचात, काही मागायचा नाहीत. हे मी रोज मागं उभा राहून बघत होतो. दोन ट्रक समोरासमोर येऊ देत, असं मागणारा मी होतो, कारण ते आले की तुम्ही धाकटी किटली माझ्या हातात द्यायचात.