डेल, शनिवारी येण्याआधी

केर्न्स
बुधवार, १४ ऑगस्ट

लाडके डेल,

तुझा घसा आता बरा असेल. इथे ऊन छान आहे, गार्थने आंब्याची फांदी छाटली. मी ठीक. चहा केला नि तसाच गार होऊ दिला. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की छातीचा पट्टा आवळतो.

हो, छातीचा. पोटाचा नाही.

पित्ताशयाचे खडे काढले असं सांगितलं, ते खोटं. शनिवारच्या बसने तू माझं अंग पुसून द्यायला येणार, म्हणजे टाके दिसणारच. "तू सांग, नाहीतर बसस्टॉपवर मी सांगतो," गार्थ म्हणाला. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खडेच सांगेन, म्हणून हे पत्र.

मी स्तन मोठे करून घेतले. सिलिकॉन बसवून.

डॉक्टर हॅलोरन म्हणून बाई आहेत. त्यांनी विचारलं, "होडी वल्हवतेस ना? छातीच्या स्नायूखाली बसवलं तर कड झाकली जाईल, पण वल्हं जोरात ओढलंस की ते सरकताना दिसेल. स्नायूवर बसवलं तर तो त्रास नाही, पण तू किडकिडीत, कड हाताला लागेल."

"लागू दे," मी म्हटलं. "शर्यत सोडणार नाही."

छेद स्तनाखालच्या घडीत दिलाय, वण तिथेच लपेल. हे जन्मभर पुरत नाही, कधीतरी बदलावं लागेल, हेही त्यांनी बजावलं.

कुणासाठी, असं विचारशील. नवऱ्यासाठी नाही, गार्थला मी होते तशीच चालत होते. जुळ्यांना पाजून छाती रिकामी झाली होती, ती मला परत हवी होती. एवढंच.

गेल्या वर्षी तुझा डावा स्तन काढला. जखम मी पुसायची आणि तू हसायचीस, "आता पोहायला लागले की गोल गोल फिरणार." नवा बसवायला तू नाही म्हणालीस. तेव्हा, टॉवेल धरून तुझ्यासमोर उभी असताना, माझ्या मनात आलं, आपण करून घ्यावं. हे गार्थलाही माहीत नाही.

माफी मागणार नाही. सूज आहे, निळंपिवळं झालंय, तरी आरशात बघून मी हसले. राग आला तर येऊ नकोस. आलीस तर मात्र तोंड फिरवू नकोस.

तुझी,
मेरिल


मंगळवार, २० ऑगस्ट

डेल,

बस वळणाआड गेली तरी मी तिथेच उभी होते. हे तीन दिवस तू माझं अंग पुसलंस, सूप केलंस, हवापाण्याचं बोललीस. पत्राचं नावही काढलं नाहीस. आणि बसच्या पायरीवरून म्हणालीस, "माझी जखम पुसायला वाकायचीस ना, तेव्हा तुझ्या दोन्हींकडे बघून मी जळायचे, मेरिल. फिट्टंफाट झाली."

ड्रायव्हरने दार लावलं. तेव्हापासून घरभर नुसती फिरतेय. मकायला घरी पोचलीस की फोन कर. बोलायला काही नसलं तरी कर.

तुझीच,
मेरिल