रिंगणीचे काटे

आई, तुला जाऊन साठ वर्षं होत आली. आज नातसून खोकत होती. तिनं विचारलं, "आज्जी, अडुळशाच्या रसात आणखी काय घालायचं?" आणि मी सांगून टाकलं. एका वाक्यात संपलं. एवढ्याशा गोष्टीसाठी तू जन्मभर माझ्याकडे पाठ करून बसलीस.

मांडवगणच्या घरामागं, न्हाणीच्या सांडपाण्यावर तू केवढं जगवलं होतंस. अडुळसा, ओवा, कोरफड, वेखंड, कुंपणाला शेवगा. खोकणारी पोरं घेऊन गाव दारात यायचं. तुझे नियम दोनच. मागितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, गुण येत नाही. आणि लेकीला औषधाची मुळी सांगायची नाही, ती सासरी घेऊन जाते. अडुळसा साऱ्या गावाला ठाऊक होता. त्यात सहाणेवर दुसरं काय उगाळतेस, ते कुणालाच नाही. मी दहा वर्षांची असताना डोकावले, तर ओल्या हातानं थोबाडीत दिलीस. "परक्याचं धन तू, तुला कशाला पायजे? हितली मुळी हितंच ऱ्हानार." वहिनी घरात आली आणि महिन्याभरात तू तिला शेजारी बसवून शिकवलंस. मला दौंडला सासरी धाडताना गवती चहाचं एक ठोंब दिलंस. "च्यात बरं लागतं," म्हणालीस. मी ते स्टेशनापाशी गटारात टाकलं.

पण तू माझ्याहून शहाणी नव्हतीस. कुंपणापलीकडची रिंगणी उपटताना तुझ्या बोटांत काटे शिरायचे, पिवळे आणि सरळ, आणि ते सुईनं काढायला तू मलाच हाक मारायचीस. खोकल्याचं कुणी येऊन गेलं की तुझ्या बोटांत काटे. यात न कळण्यासारखं काय होतं? थोबाडीत खाल्ली त्याच वर्षी मला कळलं होतं. मी गप्प राहिले. तू आपणहून सांगावंस, एवढीच माझी हाव होती.

मग तुझीच छाती भरली. मी दौंडहून आले. वहिनी शिरूरला माहेरी, तिला आणायला दादा सकाळच्या एस.टी.नं गेलेला. तुला उठून बसवत नव्हतं. दुपारी मी पानं वाफवली, रस पिळला, रिंगणीचं मूळ उगाळलं आणि वाटी घेऊन तुझ्यापुढं उभी राहिले. म्हटलं, आता माग.

"तुझी वैनी येऊ दे," तू म्हणालीस. "तिला ठावं हाय."

मी तशीच उभी. तुझा श्वास घरघरत होता. तुझं नाक मात्र शाबूत होतं. वास ओळखून तू वाटीकडं बघत राहिलीस.

"काय हाय गं वाटीत?"

"पानी हाय," मी म्हणाले.

तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस. "मंग पानीच दे."

मी परसात जाऊन वाटी अडुळशाच्या बुडाशी ओतली, धुतली, आणि माठातलं पाणी तुला पाजलं. दिवेलागणीला वहिनी आली, तेव्हा तू गेलेली होतीस. औषधानं वाचली असतीस असंही नाही. वहिनी रडत म्हणाली, "वन्सं, तुम्हाला ठावं असतं तर." मी होकाराची मान डोलावली.

हा कागद उद्या चुलीत जाईल. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तू मागितलं नाहीस, नियम तुझाच होता. पण वाटीत काय आहे हे विचारणं म्हणजे तुझं मागणंच होतं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.